ग्रीक मडक्यांवरचे देव ओळखायचे कसे? चेहरा सोडा, हात बघा

म्युझियममधे ग्रीक मडक्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं की सगळे सारखेच दिसतात, तेच सरळ नाक, तीच दाढी, तोच झगा. म्हणून चेहऱ्याकडे बघूच नका. देवळात शंख-चक्र दिसलं की आपण विष्णू म्हणतो ना, तेच करायचं, हातात काय आहे ते बघायचं.

त्रिशूळ दिसला की पोसायडन, समुद्राचा देव (आपल्याला आधी शंकरच आठवतो, चालायचंच). पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलीये, टाऊन हॉल म्युझियममधे आहे. देवांचा राजा झ्यूस, त्याचं वज्र मात्र फसवतं. ते विजेसारखं नागमोडी नसतं, दांडक्याला दोन्हीकडे कमळाच्या कळ्या लावल्यासारखं असतं, मला तर पहिल्यांदा लाटणंच वाटलेलं. पंखवाले बूट आणि वरून उघड्या 8 सारखं टोक असलेली काठी म्हणजे देवांचा निरोप्या हर्मीस. सिंहाच्या जबड्यातून माणसाचा चेहरा डोकावतोय, हातात सोटा, तो झ्यूसचा पराक्रमी मुलगा हेराक्लीस. युद्धाची आणि शहाणपणाची देवी अथेना, तिच्याकडे भाला आणि शिरस्त्राण असतंच, पण ते नसलं तरी खांद्यावरच्या वस्त्राला सापांची झालर दिसली की तीच.

मडकं जुनं, काळ्या आकृत्यांचं असेल तर बाई की पुरुष ओळखणं सोपं आहे, बायकांचे हातपाय पांढरे रंगवायचे. ख्रि.पू. 530 च्या सुमारास अथेन्समधे लाल आकृत्या सुरू झाल्या आणि ही खूण गेली.

वाइनचा देव डायोनिसस, त्याला आयव्ही नावाच्या वेलीची माळ, दोन उंच कानांचा प्याला आणि आजूबाजूला घोड्याच्या शेपटीची दारुडी मंडळी. जुन्या मडक्यांवर दाढीवाला, नंतर नंतर गुळगुळीत पोरगा, त्यामुळे दाढीवरून काळाचाही अंदाज येतो.

आणि अक्षरं शोधा, बऱ्याचदा चित्रकार नावंच लिहून ठेवतो, कधी उजवीकडून डावीकडे. इटलीत फ्लोरेन्सला असलेल्या ‘फ्रान्स्वा व्हेज’ नावाच्या मडक्यावर, साधारण ख्रि.पू. 570 चं आहे ते, 200 च्या वर आकृत्या आहेत आणि नावं भरपूर, प्रॅक्टिसला एक नंबर.

हातातलं हरवलं असेल तर मात्र वांदे. ग्रीसमधल्या आर्टेमिसियनच्या समुद्रातून 1920 च्या दशकात निघालेला ब्राँझचा देव अथेन्सला आहे, हात मागे नेऊन काहीतरी फेकतोय, पण काय ते गायब, म्हणून झ्यूस की पोसायडन हे भांडण अजून चालूच. मी झ्यूसवाला, कारण त्रिशूळ असता तर त्या पोजमधे तो बरोब्बर त्याच्या तोंडासमोर आला असता.