पिकेटिंग आणि संपाच्या कायद्यात बदल सुचवणारे निवेदन कसे लिहावे

सोलापुरातील यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या निवेदनांत ‘कामगारविरोधी कायदे रद्द करा’ एवढीच मागणी असेल, तर ती कितीही रास्त असली तरी कायद्याचा मसुदा करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नेमकी तरतूद, तिच्यामुळे आपल्या शेडमध्ये होणारी अडचण आणि तिच्या जागी हवे असलेले वाक्य, या तिन्ही गोष्टी निवेदनात असाव्यात.

आपल्याला बदल कायद्यात हवा की नियमांत, हे आधी ठरवावे. १९२६ चा कामगार संघटना कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा यांची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालकाशी वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरण्यासाठी ५१ टक्के कामगार सदस्य असण्याची अट संहितेतच असल्याने ती राज्याच्या नियमांनी बदलत नाही. त्यासाठी संसदेने दुरुस्ती करावी लागते किंवा, कामगार हा समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येणारा विषय असल्याने, राज्य विधिमंडळाच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळवावी लागते. सदस्यसंख्या पडताळण्याची रीत मात्र नियमांवर सोपवलेली आहे. घरी बसून विड्या वळणाऱ्या ज्या स्त्रियांचे नाव हजेरीपटावर नाही, त्यांची गणना कशी करावी, ही सूचना म्हणूनच नियमांच्या मसुद्यावर, त्याच्या मुदतीत द्यावी.

संपाच्या तरतुदींवर सर्वाधिक मेहनत घ्यावी, कारण खरी अडचण संपापूर्वी द्याव्या लागणाऱ्या १४ दिवसांच्या नोटिशीची नसून त्यानंतरच्या टप्प्यांची आहे. समेट, म्हणजे समेट अधिकाऱ्यापुढील तडजोडीची बोलणी, चालू असताना आणि तो संपल्यावर ७ दिवस, तसेच औद्योगिक न्यायाधिकरणापुढे वाद असताना आणि त्यानंतर ६० दिवस संप करता येत नाही. पूर्वी सामूहिक वाद न्यायाधिकरणाकडे सहसा शासनामार्फत जात असे. आता समेट फसल्यावर कोणताही पक्ष थेट अर्ज करू शकतो. म्हणजे मालकाने अर्ज केला, की कायदेशीर संपाची वाट बंद होते. येथे ‘केवळ मालकाच्या अर्जामुळे संपास मनाई होणार नाही’ असे पर्यायी वाक्य सुचवता येईल. तसेच ५० टक्के किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपाच्या व्याख्येत येते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवासाठी दहा मागवाल्यांच्या (माग चालवणाऱ्या कामगारांच्या) शेडमधून सहा जण सुट्टीवर गेले, तर तो संप ठरू नये, असा अपवाद स्पष्ट शब्दांत मागावा.

पिकेटिंगबाबत, म्हणजे संपकाळात फाटकासमोर उभे राहून इतरांना कामावर न जाण्यास सांगण्याबाबत, संयम राखावा. संपात नसलेल्यांना आत जाण्यापासून शारीरिकरीत्या अडवणारे पिकेटिंग, धाकदपटशा, घेराव आणि मालकाच्या घरासमोरील निदर्शने या संहितेच्या यादीतील अनुचित कामगार प्रथा आहेत; त्या यादीतून वगळण्याची मागणी करणे माझ्या मते चुकीचे ठरेल. शांततेने उभे राहणे, पत्रके वाटणे आणि समजावणे यांचे संरक्षण मात्र मागावे. शांततापूर्ण निदर्शनांना राज्यघटनेचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केले. त्याच वर्षी संपाचा हक्क मात्र मूलभूत नसल्याचेही न्यायालयाने सांगितले, म्हणून या दोन मागण्या एकाच परिच्छेदात मिसळू नयेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत फाटकासमोर रस्ता अरुंद असेल, तर उभे राहण्याची जागा आणि माणसांची संख्या परस्पर संमतीने ठरवण्याची तरतूद सुचवावी. अन्यथा फाटकापासून किती अंतरावर उभे राहायचे, हे न्यायालयाच्या मनाई हुकुमात ठरते.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नसावे. पूर्व भागातील अनेक कामगारांची बोली तेलुगू असल्याने सह्यांपूर्वी ते तेलुगूतही वाचून दाखवावे, नाही तर कोण कशावर सही करत आहे हे त्यालाच कळत नाही. एक प्रत सहायक कामगार आयुक्तांमार्फत राज्याच्या कामगार विभागाला, दुसरी आमदारांना आणि, संहितेतच बदल हवा असल्यास, तिसरी खासदारांना द्यावी. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी, कारण पुढच्या स्मरणपत्रात त्याच क्रमांकाचा हवाला द्यावा लागतो.