चाळीस लिटर रस, एक लिटर पाक: अंगणातलं मेपल सिरप

गुऱ्हाळावर उभं राहून ज्याने ताजी काकवी चाटली आहे, त्याला मेपल सिरप समजावून सांगावं लागत नाही. गोड रस, खाली जाळ आणि भोवती माणसं. फक्त इथला रस झाडाच्या खोडातून थेंबथेंब येतो आणि जवळजवळ पाणीच असतो. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम 2 टक्के, म्हणून 40 लिटर आटवल्यावर 1 लिटर सिरप हाती लागतं. हे गणित पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुपारपासून "झालं का?" सुरू होतं.

आम्ही राहतो त्या कॅनडातल्या ओंटारियोत हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलची सुरुवात. अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून हा रस काढत आले आहेत. कॅलेंडर नाही, हवा बघायची: रात्री शून्याखाली, दिवसा चार-पाच अंश वर. या गोठण्या-वितळण्यानेच झाडात दाब तयार होतो आणि रस वाहतो.

झाड मात्र ऑक्टोबरातच, पानं असताना हेरून फडकं बांधून ठेवा. मार्चमध्ये सगळे खराटे सारखेच दिसतात. खोडाचा व्यास किमान 30 सेंटिमीटर हवा. 45च्या आत असेल तर एकच भोक.

जमिनीपासून मीटरभर उंचीवर 8 मिलिमीटरच्या ड्रिलने चार-पाच सेंटिमीटर खोल भोक पाडा, किंचित वरच्या दिशेने, म्हणजे रस बाहेर ओघळेल. भुसा फिकट निघाला तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला तर जागा बदला. तोटी हलक्या हाताने ठोका, जोर लावला तर खोड चिरतं. खाली अन्नासाठी चालणारी झाकणाची बादली अडकवा. जुन्या बाजारातल्या देखण्या पत्र्याच्या बादल्यांचा मोह नको, त्यांना शिशाचा डाख असू शकतो.

रस दुधासारखा जपायचा: थंड ठेवायचा आणि चार-पाच दिवसांत आटवायचा. रात्री वर बर्फाची चकती धरली तर खुशाल फेकून द्या. तिच्यात साखर फार थोडी असते, तेवढंच सरपण वाचतं.

आता खरं काम. उकळायचं ते अंगणातच. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून स्वयंपाकघरात पातेलं चढवलं. संध्याकाळी छतावरून थेंब गळत होते आणि भिंतीचा कागद सुटला होता. काँक्रीटच्या ठोकळ्यांची चूल मांडा, वर स्टीलचे रुंद, उथळ ट्रे ठेवा. पसरट भांड्यात रस लवकर आटतो. आटेल तसा नवा रस घालत राहा, पण शेजारी गरम करून. गार ओतला की उकळी मोडते. इथे माणसं लागतात: एक जाळ सांभाळायला, एक फेस काढायला, एक रस ओतायला, आणि मुलांना चुलीपासून लांब ठेवायला एक खमकी मावशी. फेस चढला तर लोण्याचा एवढासा ठिपका टाका, खाली बसतो. मधल्या वेळी अर्धवट आटलेल्या रसातच कोरा चहा करा, साखर लागत नाही.

रंग सोनेरी झाला की पाक घरात गॅसवर घ्या. आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघा; त्याहून 4 अंश वर, म्हणजे साधारण 104 अंशांना, सिरप तयार. पळीवरून थेंब न पडता पदर सुटतो. या शेवटच्या मिनिटांत फोन घेऊ नका, पाक बघता बघता करपतो. पातळ राहिलं तर बुरशी धरते, जास्त आटलं तर बाटलीत खडे जमतात.

गरम असतानाच लोकरीच्या जाड गाळणीतून गाळा. तळाशी राहते ती वाळूसारखी पूड खनिजांची. 85 अंशांच्या आसपास गरम असतानाच निर्जंतुक बाटल्यांत भरा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये.

झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते. तोट्या काढून घ्या. भोक बुजवू नका, झाड ते स्वतः भरून काढतं. पुढच्या वर्षी जागा नवी.

वाटीभर सिरप मात्र बाजूला काढा. 113 अंशांपर्यंत आटवून स्वच्छ बर्फावर त्याची धार सोडा आणि चिकट गोळा काडीला गुंडाळा. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात यासोबत आंबट काकडी देतात. आमच्याकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी निघते.