घरची ई-पुस्तकं बाहेरून वाचण्यासाठी सर्व्हर कसा उभारावा

घरच्या कॉम्प्युटरवर साठवलेली पुस्तकं प्रवासात फोनवर उघडायला नवं यंत्र घ्यावं लागत नाही. अडगळीत पडलेला जुना लॅपटॉप पुरतो. फक्त तो सतत जागा हवा, म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा आणि झाकण मिटलं तरी तो चालू राहील असं बघा.

त्यावर कॅलिबर हा मोफत प्रोग्रॅम टाकून पुस्तकं त्यात घ्या. इथे घाई नको. एकाच लेखकाचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये असेल तर कॅलिबर त्यांना दोन वेगळे लेखक धरतं आणि शोधताना निम्मी पुस्तकं हाती लागत नाहीत. कॅलिबरमधलाच सर्व्हर (पुस्तकं फोनपर्यंत पोहोचवणारी सोय) लावणं सोपं आहे, खरी मेहनत या साफसफाईतच आहे. लायब्ररीचं फोल्डर क्लाउडशी सिंक होणाऱ्या जागी मात्र ठेवू नका. सगळी यादी एकाच डेटाबेस फाइलमध्ये असते आणि सिंकच्या गोंधळात ती बिघडू शकते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या.

मग प्रेफरन्सेसमध्ये 'शेअरिंग ओव्हर द नेट' उघडा. आधी युजर अकाउंट तयार करा, मग पासवर्ड सक्तीचा करा आणि कॅलिबरबरोबर सर्व्हर आपोआप सुरू होण्याच्या पर्यायावर टिक करा. सर्व्हर सुरू केला की त्याच वाय-फायवरच्या फोनमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, कोलन (:) आणि ८०८० हा पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) टाकून पाहा. पत्त्याआधी एचटीटीपी (http://) स्वतः लिहा. काही ब्राउझर परस्पर एचटीटीपीएस लावतात आणि पान उघडत नाही.

आता घराबाहेरून. राउटरवर पोर्ट उघडून देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. माझं स्पष्ट मत आहे, तसं करू नका. उघडा पोर्ट साऱ्या जगाला दिसतो आणि तो चाचपणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रॅमना रात्र-दिवस नसतो. त्याऐवजी लॅपटॉप आणि फोन दोन्हींवर टेलस्केल हे आपली यंत्रं एकमेकांशी जोडणारं अ‍ॅप टाका आणि एकाच खात्याने लॉग-इन करा. दोघांमध्ये एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे इतरांना वाचता न येणारं खासगी जाळं तयार होतं. लॅपटॉपला १०० ने सुरू होणारा नवा पत्ता मिळतो. ८०८० जोडून तोच वापरा. टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर लॅपटॉपची 'की एक्स्पायरी' बंद करायला विसरू नका. मूळ सेटिंगप्रमाणे १८० दिवसांनी पुन्हा लॉग-इन मागितलं जातं, आणि नेमके तेव्हा तुम्ही परगावी असाल तर सगळं अडतं.

ब्राउझरमध्ये वाचता येतंच, पण कोरीडरसारखं ओपीडीएस (पुस्तकांची यादी अ‍ॅपना पुरवण्याची पद्धत) समजणारं अ‍ॅप जास्त सोयीचं. पत्त्यापुढे तिरकी रेघ (/) देऊन ओपीडीएस हे इंग्रजी लहान अक्षरांत (opds) जोडलं की यादी दिसते आणि उतरवलेलं पुस्तक नेट नसतानाही वाचता येतं. पासवर्ड बरोबर असूनही अ‍ॅप आत घेत नसेल, तर बहुधा त्याला डायजेस्ट पद्धतीची (पासवर्ड उघड न पाठवणारी) ओळखतपासणी जमत नाही. कॅलिबरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये ती बेसिक करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा. बेसिकमध्ये पासवर्ड जवळपास उघडाच जातो, त्यामुळे टेलस्केलच्या जाळ्यातूनच ती वापरा.