पोर उतावळं आहे की विचारी, घरच्या घरी कसं बघायचं

मूल साधारण ४ ते ७ वर्षांचं असेल तर कागद-पेन्सिल बास. वर एक छत्री काढा, खाली तशाच सहा, त्यातली एकच हुबेहूब वरच्यासारखी, बाकीच्यांत बारीक फरक, कुणाची मूठ उलटी वळलेली, कुणाला एक काडी कमी. "वरच्यासारखी कुठली?" एवढंच विचारायचं आणि पहिलं बोट ठेवेपर्यंतचे सेकंद मनात मोजायचे (मोबाईलचं स्टॉपवॉच दाखवू नका, लगेच शर्यत होते). चुकलं तर "परत बघ", आणि चुका मोजा. घर, मांजर, बस अशी आठ-दहा चित्रं तरी करा, एका छत्रीवरून काही कळत नाही.

ही आयडिया अमेरिकन सायकॉलॉजिस्ट जेरोम केगन यांची, १९६० च्या दशकातली. झटकन बोट आणि ढीगभर चुका म्हणजे उतावळं, सगळी चित्रं नजरेखालून घालून मग बरोबर सांगतं ते विचारी. पण झटकन आणि बरोबर सांगणारीही असतात हो, त्यांना उगाच उतावळं म्हणू नका, आणि वेळ घेऊनही चुकणारी असतात, म्हणून वेळ आणि चुका दोन्ही लिहा.

घाईवाल्याला "हळू, हळू" म्हणून फारसं काही होत नाही, ते थांबतं पण बघत नाही, चुका तेवढ्याच. त्यापेक्षा तुम्हीच मोठ्यांदा बोलत करून दाखवा, "आधी मूठ बघू, ही उलटी, बाद. आता काड्या मोजू." मग त्याला मोठ्यांदा बोलत करू दे, नंतर पुटपुटत, मग मनात. १९७१ मधे माइकेनबॉम आणि गुडमन यांनी उतावळ्या मुलांवर हेच करून बघितलं होतं. आणि सावकाश पोराला पाहुण्यांसमोर "सांग ना लवकर" प्लीज नको.

आता हाच स्वभाव पुढे टिकतो का? न्यूझीलंडच्या डनेडिनमधे १९७२-७३ ला जन्मलेल्या १०३७ मुलांचा अभ्यास आहे, त्यात चित्रांचा खेळ नव्हता, तिसऱ्या वर्षी मुलं कशी वागतात ते नोंदवलं होतं. तेव्हा आवरत नसलेली मुलं १८ व्या वर्षी जास्त उतावळी, धोका पत्करणारी निघाली, बुजरी होती ती जास्त जपून वागणारी. पण हे गटाचं सरासरी चित्र, तुमच्या पिंट्याची पत्रिका नाही.

सहा-आठ महिन्यांनी नवीन चित्रं काढून परत करा. वयाबरोबर बहुतेकांच्या चुका कमी होतातच, त्यामुळे तुलना त्याच्याच जुन्या कागदाशी, शेजारच्या चिन्मयीशी नाही. भूक लागलेली असताना किंवा झोपेच्या वेळी करू नका, आणि बालवाडीतल्या ताईंनाही विचारा, बरीच पोरं घरी एक आणि वर्गात भलतीच असतात.