केनियाला सेवेसाठी निघालेलं कुटुंब: आधी काय, नंतर काय

पाठवणीची उपासना (निरोपाची प्रार्थनासभा) कधी ठेवायची हे मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सगळ्यात आधी ठरवते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पत्रिका छापून होते, तिकिटं निघतात, आणि केनियात काम करण्याच्या परवान्याचा अर्ज अजून नैरोबीतच अडकलेला असतो. म्हणून तारीख सगळ्यात शेवटी ठरवा. निदान आठ-नऊ महिने हाताशी ठेवून पुढच्या क्रमाने कामाला लागा.

पहिलं काम परवान्याचं. केनियात धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी येणाऱ्यांना ‘क्लास आय’ हा परवान्याचा वर्ग आहे. अर्ज तिथली यजमान मंडळी किंवा संस्था ऑनलाइन करते. ती संस्था केनियात रीतसर नोंदलेली असावी लागते. तिचं नोंदणीपत्र आधी मागवून पाहा. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ईटीए ही प्रवासपूर्व ऑनलाइन परवानगी सुरू केली. ती सहज मिळते, म्हणून काही जण ‘आधी जाऊ, परवाना तिथे बघू’ म्हणतात. असं करू नका. ईटीएवर पाहुणा म्हणून राहता येतं, काम करता येत नाही, आणि ‘आम्ही पगार कुठे घेतो’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. विनामोबदला कामालाही परवाना लागतो. थोड्या दिवसांच्या कामासाठी स्पेशल पास असतो, तोही यजमानांनीच काढायचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पत्नीच्या बाबतीत. परवाना नवऱ्याच्या नावावर आणि बायको-मुलं डिपेंडंट पासवर (त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या पासवर), ही नेहमीची पद्धत. पण डिपेंडंट पासवर काम करता येत नाही. पाळकीणबाई (पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पत्नी) नर्स असतील, शिक्षिका असतील किंवा महिलांमध्ये पूर्णवेळ सेवा करणार असतील, तर त्यांच्या स्वतंत्र परवान्याचा विषय पहिल्याच पत्रात काढा. नर्ससाठी केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेगळी लागते, आणि तिला परवान्याइतकाच वेळ धरावा. दोघंही सेवेला जातात असं मंडळी म्हणते, मग अर्जही दोघांचे हवेत.

आता कागद. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्मदाखला नव्हे. मुलांचे जन्मदाखले नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे, इंग्रजी मजकुरासह नव्याने काढा. लग्न चर्चमध्ये झालं असेल तर पाळकांच्या सहीचा दाखला घरात असतो. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे त्या नोंदी दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकाकडे जातात. परदेशी वापरासाठी निबंधकाकडची प्रमाणित प्रत मिळवा, कारण कागद परदेशात ग्राह्य धरले जाण्यासाठी लागणारे पुढचे शिक्के तिच्यावर सहज बसतात. शिक्क्यांचा क्रम असा: आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय. मंत्रालयाकडे कागद नेमलेल्या एजन्सीमार्फत जातात. पुढे फक्त अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणीकरणाचा शिक्का) पुरतं की वकिलातीचा शिक्काही लागतो, हे देशागणिक बदलतं. यजमान संस्थेकडून लेखी उत्तर घ्या. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, आणि आपल्याकडे हौसेने लॅमिनेट केलेलीच प्रमाणपत्रं जास्त.

नावांच्या स्पेलिंगवर एक संध्याकाळ खर्च करा. शांतवन, यहोशवा, रूथ अशी नावं दहावीच्या सनदेवर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या आणि पासपोर्टवर तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेली सापडतात. त्यात लग्नानंतर बाईंचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करा, बाकीचं प्रतिज्ञापत्राने भागतं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच असतो, तेव्हा त्याची मुदत परवान्याच्या मुदतीशी ताडून पाहा. पोलिसांचा चारित्र्य दाखला मात्र घाईने काढू नका. तो सहा महिन्यांत जुना मानला जाण्याची शक्यता असते; बाकी कागद तयार झाल्यावरच अर्ज करा.

लसींमध्ये पिवळ्या तापाची लस अटळ आहे, तीही गंमत म्हणजे परतीसाठी. भारतातून थेट जाणाऱ्याला केनिया ती विचारत नाही, पण केनियाहून आलेल्या माणसाकडे प्रमाणपत्र नसेल तर भारतात त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आई-वडिलांच्या आजारपणात धावत आलेल्या माणसावर ही वेळ येऊ नये. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. गरोदरपण, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मुलांची गोवर-गालगुंडाची लस राहिली असेल तर दोन्ही एकाच दिवशी किंवा चार आठवड्यांच्या अंतराने द्यावी लागतात, आणि शेवटच्या महिन्यात हे अंतर बसवणं जमत नाही.

मलेरियाचा धोका जागेवर ठरतो. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तिथे धोका कमी. जुलैत तर स्वेटर लागतो. किसुमूसारखं व्हिक्टोरिया सरोवराकाठचं गाव किंवा किनारपट्टी असेल तर मच्छरदाणी रोजची. आपल्याकडच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या बरोबर नेऊन उपयोग नाही. तिथल्या मलेरियावर त्या भरवशाच्या नाहीत. कोणती गोळी घ्यायची हे वयावर अवलंबून आहे (डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत), म्हणून मुलांना बरोबर नेऊन सल्ला घ्या. पुढे सुट्टीवर आल्यावर ताप आला तर ‘केनियाहून आलोय’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

पैशाचं कलम मंडळीच्या खजिनदारांना दाखवा. इथल्या धर्मादाय न्यासाने आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं तर त्या रकमेवरची आयकर सवलत जाते. त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते. दर महिन्याला ‘मिशन निधी’तून पैसे पाठवून देऊ, हा बेत चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय करू नका. व्यक्तींनी स्वतःच्या खात्यातून पाठवण्याचा मार्ग वेगळा आहे. त्याला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तुमचं स्वतःचं बचत खातं परदेशी स्थायिक झाल्यावर एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करावं लागतं. घर, शेत, पेन्शन यांसाठी मुखत्यारपत्र जाण्याआधीच करून ठेवा. नंतर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात खेटे घालावे लागतात.

केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि त्यात तीन सत्रं असतात. आपलं वर्ष एप्रिलमध्ये संपवून मेमध्ये पोचलेलं मूल मधल्याच वर्गात बसतं. शक्य असेल तर डिसेंबरात जा. नववी-दहावीचं मूल असेल तर आमच्या मते दहावी होईपर्यंत थांबावं. शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीसह घ्या. मराठीची पुस्तकं वजन करून नेण्याची गरज नाही. बालभारतीची पीडीएफ उतरवून घ्या.

सामानात डाळी भरू नका. तिथे मुगाला ‘न्डेंगू’ म्हणतात, तुरीला ‘म्बाझी’, ज्वारीला ‘म्तामा’, आणि चपाती तर चपातीच. जागा ठेवायची ती गोडा मसाला, कोकम, कुकरची जादा रिंग आणि शिट्टीसाठी. मेथीचं बी, कढीपत्त्याचं रोप हे परवान्याशिवाय नेता येत नाही. प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि दंड जबर. चपला, कपडे कापडी पिशव्यांत बांधा. वीज २४० व्होल्ट, म्हणजे मिक्सर चालतो, पण तिथला प्लग तीन चपट्या पिनांचा. दहा ॲडॉप्टर घेण्यापेक्षा इथले दोन एक्स्टेंशन बोर्ड न्या आणि त्यांचेच प्लग तिथे बदलून घ्या. बॅगा घरच्या काट्यावर एक किलो कमीच भरा. शिक्क्यांचे मूळ कागद आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात पासपोर्ट दाखवून सिमकार्ड आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्या-घेण्याची सेवा) घ्या; भाजीवालीपासून वीजबिलापर्यंत सगळं त्यावर चालतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. स्वाहिली जशी लिहितात तशीच वाचतात, त्यामुळे मराठी जिभेला जड नाही. वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणून ‘शिकामो’, त्यांचं उत्तर ‘माराहाबा’. पाळकाला ‘म्चुंगाजी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मेंढपाळ. घड्याळाचं मात्र सांभाळा: स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा म्बिली’ म्हणजे शब्दशः दोन वाजता, पण ती वेळ सकाळी आठची. कोणी स्वाहिलीत उपासनेची वेळ सांगितली तर त्यात सहा मिळवून घ्या.