पहिली ते चौथीच्या मुलांचे लेखन कसे तपासावे

लेखन तपासणे म्हणजे लाल पेनाने चुका मोजणे, ही सवय आधी सोडायला हवी. मूल लिहिताना तीन कामे एकदम करत असते: हाताने अक्षर काढते, ऐकलेला शब्द लिपीत उतरवते आणि जे सांगायचे आहे त्याची जुळणी करते. तिन्हींना मिळून एकच गुण दिला, तर मूल नेमके कुठे अडले ते कळत नाही.

म्हणून कामेही वेगळी द्या. फळ्यावरून उतरवून घेताना फक्त अक्षर दिसते, श्रुतलेखनात शुद्धलेखन दिसते. मूल मनाने लिहिते तेव्हाच त्याचे लेखन दिसते. वळणदार अक्षराची वही पाहून ‘लेखन उत्तम’ असा शेरा पडतो आणि त्या मुलाला स्वतःचे एक वाक्यही सुचत नाही हे वर्षभर लपून राहते.

नमुना घ्या

विषय मुलाच्या रोजच्या जगण्यातला निवडा: तुंबलेला रस्ता, चाळीतला गणपती, लोकलमधली गर्दी. ‘माझा आवडता प्राणी’ दिला की पाठ केलेला निबंध हाती येतो. आधी 5 मिनिटे गप्पा, मग 15 ते 20 मिनिटे लेखन. पहिलीत चित्र आणि त्याखाली एकदोन वाक्ये पुरेत. फळ्यावर शब्द लिहून देऊ नका. खोडरबर बाजूला ठेवायला सांगा. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारू द्या, कारण मुलाने आधी काय करून पाहिले ते त्या खोडलेल्या शब्दात दिसते. कागदावर तारीख हवी, आणि मुलाने स्वतःहून लिहिले की मदतीने, हेही.

पेन खाली ठेवून वाचा

पहिले वाचन फक्त आशयासाठी. समजा, दुसरीतल्या मुलीने लिहिले आहे:

‘काल खुप पाउस पडला. टेशनवर पानी भरल. मी आई बरोबर चालत घरी गेली.’

लाल पेनाने इथे सात गोल पडतील. पण केव्हा, कुठे, काय झाले आणि मग काय केले, हे सगळे क्रमाने आले आहे. पूर्णविरामही जागच्या जागी आहेत. दुसरीसाठी हे चांगले लेखन आहे, आणि नोंदीत ते आधी यायला हवे.

मग चुकांची जात ओळखा

‘खुप’ आणि ‘पाउस’ या दोन चुका दिसत असल्या तरी शिकायची गोष्ट एकच आहे: अकारान्त मराठी शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ असतो. दुसरीत नियम सांगू नका, ‘दूध, फूल, खूप, पाऊस’ असे शब्द एकत्र वाचून-लिहून घ्या. ‘पानी’ बहुधा कानातून आले आहे. मुंबईत घरी किंवा शेजारी हिंदी बोलली जाते, तिथे न आणि ण यांतला फरक आधी ऐकवावा लागतो. ‘भरल’वर अनुस्वार राहिला. तो देऊन ‘भरलं’ करा, ‘भरले’ लिहिण्याचा आग्रह नको. ‘टेशन’मध्ये जोडाक्षर टाळले गेले, ‘आई बरोबर’मध्ये शब्द तुटला. ‘मी गेली’ ही तर तिच्या आसपासची बोली आहे. दुसरीत ती चूक धरू नये, चौथीपर्यंत ‘मी गेले’ हे लेखी रूप ओळखीचे करावे.

हिंदी माध्यमातून आलेले मूल वाक्याच्या शेवटी उभी रेघ देते, तीही याच नजरेने पाहा.

नोंद लिहा

महाराष्ट्रातल्या 2010 पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिक मूल्यमापनावर, म्हणजे वर्गात शिकता शिकता होणाऱ्या तपासणीवर, ठेवला आहे. त्यामुळे वर्णनात्मक नोंदीला खरे वजन आहे. ‘लेखनात सुधारणा हवी’ या नोंदीचा पुढच्या शिक्षकाला काडीचाही उपयोग नाही. अशी लिहा: ‘घटना क्रमाने लिहिते. पूर्णविराम देते. न-ण आणि शब्दाच्या मधला दीर्घ उकार यांवर सराव हवा.’ एका वेळी दोनच गोष्टी सरावाला घ्या. 40 मुलांचा वर्ग असेल तर रोज आठ वह्या नीट वाचा, आठवड्यात सगळ्या होतात. चारपाच वह्या नाव झाकून सहकाऱ्यालाही वाचायला द्या. दोघांच्या नोंदी फार वेगळ्या आल्या तर निकष पुन्हा ठरवा.

काहीच न लिहिणारे मूल

त्याला तोंडी सांगू द्या आणि त्याचे शब्द तुम्ही लिहून घ्या. भरभरून सांगत असेल, तर अडचण हातात किंवा लिपीत आहे. तोंडीही अडखळत असेल, तर आधी बोलण्याच्या संधी वाढवा. घ-ध, भ-म यांची गल्लत पहिलीत सर्रास होते. तिसरीतही ती तशीच राहिली आणि वाचनही अडत असेल, तर पालकांशी शांतपणे बोला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या (वाचन-लेखन शिकण्यातल्या कायमच्या अडचणीच्या) तपासणीची सोय आहे. जाताना तारखा घातलेले लेखनाचे नमुने सोबत द्यावेत.