आधी 'त्याला काय ठाऊक आहे?', मग 'त्याला काय वाटलं?'

गणपतीला चाकरमानी येतात, घर भरतं आणि दुसऱ्याच दिवशी खळ्यात सायकलवरून मारामारी होते. मोठ्यांपैकी कोणीतरी घरच्या पोराचा दंड धरून विचारतं, "त्याला काय वाटलं असेल, सांग!" पोरगं पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभं राहतं. आपण त्याला कोडगं ठरवतो, पण प्रश्नच उलट्या टोकाकडून विचारलेला असतो. समोरच्याला काय वाटलं हे ओळखायचं तर त्याने काय पाहिलं, त्याला काय ठाऊक होतं, त्याचा समज काय झाला होता, हे आधी कळावं लागतं. भावना ही शेवटची पायरी. शिवाय हा प्रश्न आपण ओरडतानाच विचारतो, त्यामुळे मुलाच्या लेखी ती शिक्षेची सुरुवात असते.

वय पाहून अपेक्षा

दीड वर्षाच्या मुलाला एवढं कळतं की आपल्याला आवडतं ते दुसऱ्याला आवडेलच असं नाही. 1997 साली रेपाचोली आणि गॉपनिक या संशोधकांनी मुलांसमोर ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली, बिस्किटाला नाक मुरडलं आणि मग "मला दे" म्हणून हात पुढे केला. 18 महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. 14 महिन्यांच्या मुलांनी स्वतःला आवडणारं बिस्किटच दिलं. म्हणून सव्वा वर्षाच्या पोराने आजीला कौतुकाने चोखलेलं चॉकलेट भरवलं तर त्यात चूक काही नाही.

जे पाहिलं नाही ते ठाऊक नसतं, हे साधारण तीन ते चार वर्षांच्या दरम्यान पक्कं होतं. दुसऱ्याचा समज चुकीचा असू शकतो, हे चार-पाचच्या सुमारास. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं, हे त्याच्याही नंतर. 'मला काय वाटतं असं त्याला वाटतं' ही दुपदरी गाठ सहा-सात वर्षांच्या आधी फारशी सुटत नाही. हा क्रम सगळीकडे अगदी सारखा नाही. चीन आणि इराणमधल्या मुलांना 'त्याला ठाऊक नाही' हे आधी कळतं आणि 'एकाच गोष्टीबद्दल दोघांची मतं वेगळी असू शकतात' हे नंतर, असं आढळलं आहे. थोरांच्या मताला उलट उत्तर न देण्याची रीत असलेल्या घरांत असं होत असावं, असा अभ्यासकांचा तर्क. आपल्या माजघरातलं वातावरण आठवलं की तो पटण्यासारखा वाटतो.

पाहिलं का? मग कळणार कसं?

तीन वर्षांच्या पुढच्या मुलासाठी झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. आजी पडवीत बसलेली असताना मुलासमोर त्यात मालवणी खाजाचे दोन तुकडे टाका, झाकण लावा. "डब्यात काय आहे?" "आजीला ठाऊक आहे का?" "का नाही?" एवढेच तीन प्रश्न. मुलाने "हो, ठाऊक आहे" म्हटलं तर चूक सांगत बसू नका. डबा तसाच आजीकडे न्या आणि ओळखायला लावा. आजी "शेंगदाणे?" म्हणाली की मुलाला जे कळतं ते समजावून सांगितलेल्यापेक्षा जास्त टिकतं. आजीला आधी फितवू मात्र नका. तिने मुद्दाम चुकीचं उत्तर दिलेलं मुलं बरोबर पकडतात. खेळ पाच मिनिटांचा, आठवड्यातून दोन-तीनदा. घरात मालवणी बोलत असाल तर प्रश्नही मालवणीतच विचारा. पुस्तकी भाषेत विचारलं की पोरांना शाळेतली तोंडी परीक्षा आठवते.

याहून सोपी संधी रोज मिळते ती फोनवर. बाबा मुंबईला किंवा बोटीवर असतील तर व्हिडिओ न लावता साधा फोन लावून द्या. मूल हातातलं खेळणं उंच धरून "हे बघ" म्हणेल किंवा मान हलवून हो म्हणेल. लगेच दुरुस्त न करता विचारा, "बाबांना दिसतंय का? मग त्यांना कसं सांगशील?" निरोपाचंही तसंच. बागेत शिंपण्याला पाणी लावणाऱ्या आजोबांकडे पोरगं धावत जातं आणि सांगतं, "तो आलाय." कोण आलाय हे आजोबांना कळायला काय सांगावं लागेल, हे त्याला स्वतःच शोधू द्या. आपण घाईने वाक्य पुरं करून देतो आणि सराव तिथेच वाया जातो.

चुकीचा समज

1983 साली विमर आणि पेर्नर यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? घरी यासाठी वेगळी गोष्ट रचायला नको. बाबांनी टॉर्च खुंटीला अडकवला आणि ते आंघोळीला गेले. काकाने तो उचलून फडताळात ठेवला. आता मुलाला तीन प्रश्न: बाबा आधी कुठे शोधतील? टॉर्च खरा कुठे आहे? बाबांनी तो कुठे ठेवला होता? शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. त्यांची उत्तरं चुकली तर मुलाला घटनाच लक्षात राहिलेली नाही. बाबांच्या मनाचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नाही. ती दोन बरोबर आणि पहिलं "फडताळात" असं आलं, तर मूल स्वतःला जे ठाऊक आहे तेच बाबांच्या डोक्यात घालतं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाचं हे उत्तर वयाला धरूनच आहे. "काकाने ठेवला तेव्हा बाबा कुठे होते?" एवढं विचारा आणि बाबांना खुंटीशी चाचपडताना बघू द्या.

दुसरा खेळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचा, ज्यात आपल्याकडे बिस्किटं सोडून सगळं असतं. आत सुई-दोरा निघाला की विचारा, "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं?" तीन वर्षांची बरीच मुलं बिनदिक्कत "सुई-दोरा" म्हणतात. त्याला खोटं बोलणं समजू नका. स्वतःचा मघाचा चुकीचा समजही या वयात आठवत नाही, असं 1988 साली गॉपनिक आणि ॲस्टिंग्टन यांनी दाखवलं. मग दादाला बोलवा आणि तो काय म्हणेल ते आधी विचारा.

सिंधुदुर्गात जत्रेचा दशावतार हे याचं उत्तम शिकवणं आहे. राक्षस वेश पालटून येतो, प्रेक्षकांना ठाऊक असतं, राजाला नसतं. हळूच विचारा, "राजाला ठाऊक आहे का हा कोण ते?" रात्रभरात दोन प्रश्न पुरे. तसंही पोरं अर्ध्या आख्यानात झोपतात.

याच टप्प्यावर मुलांचं जाणूनबुजून खोटं बोलणं वाढतं. लाडू मी नाही खाल्ला म्हणणाऱ्या चार वर्षांच्या पोराला कळलेलं असतं की आईने पाहिलं नाही, म्हणजे आईला ठाऊक नाही. खोटं चालवून घेऊ नका, पण सापळाही लावू नका. तुम्ही पाहिलं असेल तर "लाडू तूच खाल्लास ना?" असं विचारून परीक्षा घेण्यात काही अर्थ नाही, "लाडू खाताना मी पाहिलं" असं सरळ सांगा.

एक घटना, तीन चेहरे

आता भावनांकडे यायला हरकत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ऑगस्ट उजाडला आणि होड्या पाण्यात गेल्या की एकाच घरात बाबा खूश असतात, कारण कमाई सुरू होईल. आजी धास्तावलेली असते, कारण समुद्र अजून खवळलेला आहे. आणि पोरगं रुसलेलं, कारण दोन महिने बाबा घरी होते ते आता नसतील. मुलाशी बोलताना प्रत्येकाचं 'कारण' सुटू देऊ नका. 'आजी काळजीत आहे' एवढ्याने काही शिकवलं जात नाही. 'आजीला वाटतं की वारा वाढेल, म्हणून ती काळजीत आहे' यात विचार आणि भावना यांची सांगड दिसते.

शब्दही पुरवावे लागतात. बहुतेक मुलांकडे राग, रडू आणि मज्जा एवढंच असतं. हिरमुसला, ओशाळला, खट्टू झाला, हेवा वाटला, जीव टांगणीला लागला, हे शब्द प्रसंग घडत असताना वापरा. पाठ करून घेऊ नका. मोठ्यांनी स्वतःचा विचार मोठ्याने बोलणं तर फार उपयोगी: "मला वाटलं एसटी पाचला आहे, म्हणून मी तुला घाई केली. ती साडेपाचची निघाली." मोठ्या माणसाचाही समज चुकतो आणि त्यातून चिडचिड होते, हे एवढ्यात दिसतं.

चेहऱ्यामागची भावना ओळखायला आत्याने आणलेला न आवडलेला फ्रॉक चांगला, पण तो विषय पाहुणे गेल्यावर काढा.

भांडण झालं तेव्हा

तापलेल्या डोक्याने कोणालाच दुसऱ्याचं मन दिसत नाही. आधी दोघांना वेगळं करा, एक ओटीवर, एक परसात. श्वास शांत होईपर्यंत एकही प्रश्न नको. मग वहीच्या मागच्या पानावर काड्यांची दोन माणसं काढा, बोलण्यासाठी एक फुगा, मनातल्या विचारासाठी ढग. ही रीत कॅरल ग्रे यांनी 1994 च्या सुमारास स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी मांडली, पण ती कोणत्याही मुलाला चालते. क्रम असा: काय झालं, कोण काय बोललं, कोणाला काय ठाऊक होतं, आणि शेवटी कोणाला काय वाटलं. "त्याने सायकल घेतली तेव्हा त्याला ठाऊक होतं का की ती तुझ्या वाढदिवसाची आहे?" इथे बहुतेक भांडणाची गाठ सापडते. मामेभावाला वाटलं सायकल घरातल्या सगळ्यांची. घरच्याला वाटलं त्याने मुद्दाम घेतली. ढगात मूल जे लिहायला सांगेल त्याला 'कदाचित' जोडा आणि मग मामेभावाला विचारून या. अंदाज तपासायचा असतो, ही सवय अंदाज बरोबर येण्यापेक्षा मोलाची.

'सॉरी म्हण' शेवटी, आणि म्हटलं नाही तरी चालेल. त्याऐवजी काहीतरी करायला लावा: सुटलेली साखळी बसवून देणं, दहा फेऱ्या त्याला देणं. हे सगळं काका-मामांच्या घोळक्यासमोर केलंत तर मूल फक्त शरमेल. आणि "तू असं केलंस की आई रडते" हे वाक्य तर टाळाच. त्यातून मूल दुसऱ्याच्या भावनेला घाबरायला शिकतं. उलट, मन ओळखता येणारं मूल चांगलं वागेलच असंही नाही. कोणाला कुठे टोचेल हे नेमकं ठाऊक असणारी पोरंच चिडवण्यात पटाईत असतात. तिथे समज वाढवून भागत नाही, नियम लावावा लागतो.

वेगळी वाट असलेली मुलं

1985 साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या प्रयोगात 20 पैकी 16 स्वमग्न मुलांना चुकीच्या समजाचा प्रश्न सुटला नाही. त्यावरून 'या मुलांना भावना नसतात' असा निष्कर्ष काढणं साफ चूक. 2012 मध्ये डेमियन मिल्टन यांनी, जे स्वतः स्वमग्न आहेत, असं मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. इतरांनाही स्वमग्न माणसाचं मन वाचता येत नाही. अशा मुलाला "डोळ्यांत बघून बोल" म्हणू नका, आडून सुचवू नका. "मला आता दमायला झालंय, दहा मिनिटं शांत बसायचं आहे" असं स्पष्ट सांगा. सगळे तोंडानेच बोलतात अशा घरात वाढणाऱ्या, पण ऐकू न येणाऱ्या मुलांनाही हे उशिरा कळतं, कारण मनाविषयीच्या गप्पा त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून शंका आली की आधी कान तपासा.

दीड वर्षापर्यंत मूल काही दाखवण्यासाठी बोट करत नसेल, हाकेला वळत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेलं बोलणं गेलं, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीचं, पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. त्यांना थेट सांगा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. जाताना मूल घरात खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर न्या, कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं काहीच करून दाखवत नाहीत.